कमरेची गादी सरकली आहे, दुर्बिणीचं ऑपरेशन करू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३८. सात आठवड्यांपासून डाव्या कुल्ल्यातून निघणारी कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आलेली दिसते. एक डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून करू, एका टाक्याचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. दुसरे म्हणाले, मायक्रोस्कोपखाली उघडून केलेलंच खात्रीचं. तिसरे म्हणाले, आत्ता काहीच करू नका. आणि तुम्ही विचारताय की दुर्बीण चांगली की उघडं ऑपरेशन.

मी मणक्याची ऑपरेशनं करतो. पहिली बरीच वर्षं फक्त मायक्रोस्कोपखाली केली, नंतर दुर्बीण शिकलो, आता दोन्ही करतो. त्यामुळे कुठल्याही एका पद्धतीची वकिली करायची मला गरज नाही. तुमच्या तीन डॉक्टरांची मतं ऐकायला परस्परविरोधी वाटतात, पण ते तिघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. पहिले दोघं सांगतायत ऑपरेशन कसं करायचं, तिसरे सांगतायत करायचं का. तुम्ही 'कसं'वर अडकलाय. 'का' सुटल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

आधी एक तातडीची गोष्ट. लघवी सुरू व्हायला त्रास होतोय, किंवा लागलेलीच कळत नाही, शौचावरचा ताबा गेलाय, जांघेत आणि बैठकीच्या जागेवर बधिरपणा आलाय, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी झालीय, यातलं काहीही असेल तर हे पुढचं वाचू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलमध्ये जा. तिथे थांबण्याचे तास मोजले जातात, आठवडे नाहीत. पाऊल उचललंच जात नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, हे नवीन सुरू झालं असेल तरी एक-दोन दिवसांत दाखवायला हवं.

हे नाही असं धरून पुढे जातो.

गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. बाहेर चिवट तंतूंची एकावर एक गुंडाळलेली कडी, आत ओलसर, मऊ गर. कडी कुठेतरी चिरते आणि गराचा तुकडा बाहेर येतो. बहुतेकांना वाटतं की तुकडा नसेवर दाबला गेला, म्हणून दुखतं. हे अर्धंच झालं. तो गर एरवी रक्ताच्या संपर्कात येत नाही, त्यामुळे बाहेर आला की शरीर त्याला परका समजतं आणि तिथे जोरदार सूज येते. दाब आणि सूज मिळून नस पेटते. म्हणून एकाच्या एमआरआयमध्ये भलामोठा तुकडा असतो आणि माणूस मजेत फिरत असतो, तर दुसऱ्याचा तुकडा एवढासा असतो आणि त्याला रात्रभर झोप नसते.

याच कारणासाठी मी रिपोर्ट शेवटी वाचतो. पाठदुखी अजिबात नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि चाळिशीतल्या ५० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. तुमच्या रिपोर्टमध्ये 'तीन ठिकाणी गादी फुगलेली' असं लिहिलं असेल तर त्यातल्या दोन बहुधा वयाच्या खुणा आहेत. विचारायचं एवढंच, की जिथे तुकडा आहे तिथली नस आणि जिथे दुखतं ती जागा जुळते का. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधला तुकडा साधारणपणे पाचव्या नसेला त्रास देतो, आणि ती नस पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडेच जाते. म्हणजे तुमचं वर्णन जुळतं. तुम्ही करंगळी आणि तळवा म्हटला असतात तर मी एमआरआय पुन्हा उघडून बसलो असतो.

तुम्ही कमरेबद्दल फारसं लिहिलं नाहीत, पायाबद्दलच लिहिलंत, हेही माझ्या दृष्टीने चांगलं आहे. हे ऑपरेशन पायाची कळ घालवण्यासाठी असतं. कंबर नुसती दुखते, पायात काही नाही, अशा माणसाची गादी काढली तर तो महिन्याभराने परत येतो आणि म्हणतो, डॉक्टर, फरक नाही. त्याचं बरोबर असतं.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात सापडली नाही. तिघांपैकी कोणी तुम्हाला टाचांवर चालायला लावलं का? अंगठा वर ओढायला सांगून त्यावर बोटाने दाब दिला का? पाठीवर झोपवून सरळ पाय उचलला, तेव्हा किती वर गेल्यावर कळ आली? या तपासण्यांना पाच मिनिटं लागतात, आणि थांबायचं की नाही हे मी मोठ्या प्रमाणात त्यावर ठरवतो.

आता थांबण्याबद्दल. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच खाऊन टाकतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण सूज आणणाऱ्या ज्या पेशी आज तुम्हाला रडवतायत त्याच त्याला कुरतडत असतात. गंमत अशी की तुकडा जितका मोठा आणि गादीपासून सुटलेला, तितका तो आकसण्याचा संभव जास्त. नुसती फुगलेली गादी तशीच राहते. रिपोर्टमधला 'मोठा तुकडा' हा शब्द वाचून घाबरून ऑपरेशन ठरवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पण थांबण्याची किंमतही सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये तुमच्यासारख्याच, म्हणजे सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका (नसेमुळे पायात उतरणारी कळ) असलेल्या २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन करायचं, अर्ध्यांना थांबवायचं, असं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं, सरासरी १८.७ आठवड्यांनी, कारण सोसवेना. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. लगेच ऑपरेशन झालेल्यांना कळीतून सुटका मात्र बरीच लवकर मिळाली होती. यातून मी जे घेतलं ते असं: पायात ताकद शाबूत असेल तर हे ऑपरेशन मुक्कामाचं ठिकाण फारसं बदलत नाही, प्रवास लहान करतं. तो प्रवास किती खडतर आहे हे तुम्हालाच माहीत. सात आठवडे उभं राहूनच जेवणारा, बसून झोपणारा माणूस आणि गोळी घेऊन दिवसभर काम करू शकणारा माणूस, या दोघांना मी एकच उत्तर देत नाही.

म्हणून माझा नेहमीचा प्रश्न: तिसऱ्या आठवड्यातलं दुखणं आणि आत्ताचं, यात फरक आहे का? कळ अंगठ्यापासून मागे सरकत पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत आलीय का? तसं असेल तर नस निवतेय, थोडं थांबा. जशीच्या तशी असेल, झोप मोडत असेल, तर नसेजवळ सूज उतरवणारं इंजेक्शन हा एक मधला मार्ग आहे. त्याचा परिणाम बहुधा काही आठवड्यांपुरताच टिकतो, पण कधीकधी तेवढ्या अवधीत तुकडा आकसतो. तोही उपाय झाला असेल किंवा नको असेल, तर ऑपरेशनचा विचार अगदी रास्त आहे. आणि इथे आपण तुमच्या मूळ प्रश्नापाशी येतो.

'उघडं ऑपरेशन' हा शब्द आता दिशाभूल करतो. गादीमुळे सायटिका होते हे मिक्स्टर आणि बार या सर्जननी १९३४ मध्ये मांडलं, तेव्हा पाठ खरोखरच मोठी उघडावी लागायची, हाड काढावं लागायचं. १९७७ मध्ये यासार्गिल आणि कास्पर या सर्जननी मायक्रोस्कोप आणला आणि चीर दीड इंचाच्या आसपास आली. आज मायक्रोस्कोपखाली केलेला रुग्णही संध्याकाळी चालतो आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी घरी जातो. तेव्हा 'दुसऱ्या दिवशी घरी' हे दुर्बिणीचं खास वैशिष्ट्य समजू नका.

दुर्बिणीचा मार्ग वेगळा आहे. मायक्रोस्कोपने आपण मागून जातो, स्नायू बाजूला करून, हाडाचा थोडा काठ कोरून, नस हलक्या हाताने सरकवून. पार्वीझ कांबिन या सर्जननी बाजूने जाणारी वाट अभ्यासली. मणक्याच्या कडेला, बाहेर पडणारी नस, खाली उतरणारी नस आणि खालच्या मणक्याचा वरचा काठ यांच्यामध्ये एक त्रिकोणी मोकळी जागा असते. आम्ही तिला कांबिनचा त्रिकोणच म्हणतो. पाठीच्या मध्यरेषेपासून चार बोटांपेक्षाही जास्त बाहेर, जेमतेम आठ मिलिमीटरची चीर घेऊन, एक्स-रे बघत बघत सुई त्या त्रिकोणात न्यायची, तिच्यावरून एकेक मोठी होत जाणारी नळी सरकवायची, आणि शेवटी दुर्बीण. दुर्बिणीतच कॅमेरा, उजेड, सलाईन येण्या-जाण्याची वाट आणि चिमटा जाईल एवढं भोक. सगळं काम वाहत्या पाण्याखाली चालतं.

रुग्ण बहुतेकदा पालथा झोपलेला आणि जागा असतो. पाठीची तेवढीच जागा बधिर केलेली, थोडी गुंगी, पण बोलण्याइतका शुद्धीत. हे मुद्दाम. सुई नसेच्या फार जवळ गेली तर तो ओरडतो, "पायात वीज गेली!" आणि मी थांबतो. पूर्ण भुलेखालचा रुग्ण हा इशारा देत नाही. गादीत आधी निळा रंग सोडलेला असतो, त्यामुळे खराब झालेला गर पडद्यावर फिकट निळा दिसतो आणि नस पांढरट-पिवळी, अंगावर बारीक रक्तवाहिन्यांच्या रेषा असलेली. तुकडा चिमट्यात धरून ओढला की कधी तुकड्या-तुकड्यांत येतो, कधी एकदम, ओल्या कापसाच्या वातीसारखा लांबच लांब. तो निघाला की दाबून बसलेली नस सैल होते आणि पाण्यात हलकेच धडधडायला लागते. त्याच वेळी पालथा झोपलेला माणूस विचारतो, "झालं का? पाय हलका लागतोय." हा क्षण बघितलेला कुठलाही सर्जन दुर्बिणीच्या प्रेमात पडतो, मीही पडलो. प्रेमात पडलेल्याचा सल्ला जरा तोलूनच घ्यावा.

कारण दुर्बिणीला दिसतं ते नळीच्या तोंडासमोरचंच. सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगतो. तुकडा गादीच्या पातळीपासून खाली घसरलेला होता. मी गादीशी पोचलो, बराच गर काढला, नस हललेली वाटली, समाधानाने बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाने मला बघितलं आणि काही बोलला नाही, फक्त मान हलवली. कळ तशीच. पुन्हा एमआरआय केला, तुकडा मणक्याच्या मागे दडून जागच्या जागी बसलेला. काही दिवसांनी मायक्रोस्कोपखाली दुसरं ऑपरेशन. जे मी पहिल्याच वेळी तसं करायला हवं होतं. आज तोच तुकडा मी दुर्बिणीने वेगळ्या कोनातून काढू शकेन, पण मधे खूप ऑपरेशनं गेली आहेत. ही पद्धत हातात बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या तरी पाठीवर जातो. हे आमच्या व्यवसायात मोकळेपणाने फारसं बोललं जात नाही.

बाकीचे धोके थोडक्यात. बाजूने जाताना वरची, बाहेर पडणारी नस दुखावली जाऊ शकते. मग ऑपरेशननंतर मांडीत किंवा नडगीवर जळजळ, कपडा लागला तरी नको वाटणं, असं काही आठवडे चालतं, बहुतेकदा निवतं. एक्स-रेचा वापर जास्त होतो. नसांभोवतालच्या आवरणाला चीर गेली तर दुर्बिणीतून ते शिवणं कठीण. जंतुसंसर्ग मात्र कमी दिसतो. आणि पुन्हा गादी सरकण्याचा धोका दोन्ही पद्धतींत राहतो, शंभरात साधारण पाच ते पंधरा जणांना. कारण दोन्हींत आपण बाहेर आलेला तुकडा काढतो, कडीची चीर शिवत नाही.

मग दोन्हींची तुलना? पुन्हा नेदरलँड्समध्येच ६१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला. एका वर्षानंतर पायाच्या दुखण्यात बाजूने केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया मायक्रोस्कोपच्या तुलनेत कुठे कमी पडली नाही, आणि वर्षभरात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाणही जवळपास सारखंच होतं. माझा अनुभव याला धरूनच आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुर्बिणीवाल्यांची कंबर कमी दुखते, ते लवकर वाकतात, लवकर गाडी चालवतात. तीन महिन्यांनी कोणाचं कसं केलंय हे मला पाठीवरचा व्रण बघूनच सांगावं लागेल. हृदय किंवा फुप्फुसाच्या आजारामुळे पूर्ण भूल धोक्याची असेल, तर मात्र जागेपणी होणारी दुर्बीण हा मोठा आधार आहे, तिथे मी तिला झुकतं माप देतो.

सगळ्यात खालच्या गादीची गोष्ट निराळी. तिथे बाजूने जायला कमरेचं हाड आडवं येतं, त्यामुळे दुर्बीण मागून, मणक्यांच्या दोन कमानींमधल्या फटीतून न्यावी लागते, आणि ते बहुधा पूर्ण भुलेखाली करतात. तुमची गादी त्याच्या एक मजला वर आहे, म्हणजे बाजूची वाट सहसा मोकळी असते. तरी तुकडा कुठे गेलाय हे एमआरआयच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही चित्रांत बघावं लागेल. तो गादीच्याच पातळीवर असेल तर दुर्बिणीसाठी सोयीचं. फार वर किंवा खाली घसरला असेल, जुना होऊन चुन्यासारखा कडक झाला असेल, मणका मणक्यावरून सरकलेला असेल, तर माझ्या हातात मायक्रोस्कोप जास्त खात्रीचा. दुसऱ्या कोणाच्या हातात उलट असू शकेल, आणि तेही बरोबरच असेल.

लेझरबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. 'लेझरने गादी विरघळवणं' आणि दुर्बिणीतून तुकडा काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सुईतून लेझर आत नेऊन गादीच्या आतला गर थोडा जाळतात. बाहेर पडून नसेवर बसलेल्या तुकड्याला त्याने काही होत नाही. जाहिरातीत दोन्ही शब्द एकत्र दिसले तर नेमकं काय करणार ते विचारून घ्या.

ऑपरेशन केलंत, तर पुढचं कसं असतं तेही सांगतो, कारण न सांगितल्यामुळेच लोक घाबरतात. कळ बहुतेकांची त्याच दिवशी किंवा काही दिवसांत जाते. ताकद हळूहळू येते. बधिरपणा सगळ्यात शेवटी, कधी कित्येक महिन्यांनी, कधी थोडा राहूनच जातो. अंगठ्याच्या मुळाशी एक रुपयाएवढी सुन्न जागा उरलेले माझे कितीतरी रुग्ण आहेत, त्यांना ती आता आठवून सांगावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुन्या वाटेने थोडी कळ परत डोकावते, ती बहुधा नसेची सूज असते. एकदम पहिल्यासारखी आली आणि टिकली तर दाखवायचं. चालणं पहिल्या दिवसापासून. खाली वाकून वजन उचलणं आणि तासन् तास बसणं मी चार ते सहा आठवडे टाळायला सांगतो. व्रण आठ मिलिमीटरचा असला तरी आतल्या कडीला पडलेली चीर मायक्रोस्कोपवाल्यांइतकीच मोठी असते, आणि दुर्बिणीचे रुग्ण बरं वाटतं म्हणून हेच विसरतात. आठव्या दिवशी गॅस सिलिंडर उचलून परत आलेला एक जण मला आठवतो.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या दोन डॉक्टरांकडे पुन्हा गेलो असतो. पद्धतीवर वाद घालायला नव्हे, एमआरआयवर बोट ठेवून विचारायला: माझा तुकडा नेमका इथे आहे, तुम्ही तिथे कसे पोचणार? ही पद्धत तुम्ही किती वेळा केलीय? आत गेल्यावर जमलं नाही तर तिथेच मायक्रोस्कोपने पुढे जायची तयारी आहे का? जो डॉक्टर दोन्ही करतो किंवा 'हे माझ्याकडे नको, अमक्याकडे करा' असं म्हणतो, त्याच्याकडे मी पाठ सोपवली असती.

आणि आज रात्री एवढं करा. भिंतीला हात टेकून टाचांवर दहा पावलं चाला. दोन्ही पावलं सारखी उचलली जातात का बघा. मग अंगठे वर ओढून धरा आणि घरातल्या कोणाला तरी दोन्ही अंगठे एकदमच खाली दाबायला सांगा. डावा आधी हरत असेल तर तिसऱ्या डॉक्टरांचा सल्ला बाजूला ठेवून या आठवड्यातच दाखवा. दोन्ही सारखे असतील तर ही तपासणी दर चार दिवसांनी करत राहा, आणि कळ कुठपर्यंत जाते तेही तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या भेटीत तो कागद एमआरआयच्या आधी डॉक्टरांसमोर ठेवा.